आग्रा रोड : एका नोंदीच्या शीर्षकाचा शोध

धुळ्यात आमचे घर आग्रा रोडपासून दोन गल्ल्या आत होते. धुळ्याचा आग्रा रोड म्हणजे भर बाजारपेठ. कापडाची, भांड्यांची, चपलांची दुकाने, आणि दिवाळीच्या आधीचे आठ दिवस तर पाय ठेवायला जागा नसे. हा रस्ता खरोखर आग्र्याला जातो यावर आम्हा मुलांचा विश्वास नव्हता. पुढे शाळेत आग्र्याहून सुटकेचा धडा आला आणि आमची खात्री पटली. १६६६ साली महाराज पेटाऱ्यातून निसटले ते आमच्याच बाजारातून पुढे गेले असणार, असे आम्ही एकमेकांना सांगत असू. वर्गात मी ते बोलून दाखवले, तेव्हा गुरुजी हसले आणि म्हणाले, "अरे, नाव जुने असले म्हणून रस्ता जुना असतो असे नाही."

त्या एका वाक्याचा अर्थ कळायला मला पुढची तीस-पस्तीस वर्षे लागली.

सुट्टीत मावशीकडे इंदूरला गेलो की तिथेही एक मोठा रस्ता होता, त्याला सगळे 'ए. बी. रोड' म्हणत. ए म्हणजे आग्रा, बी म्हणजे बॉम्बे, हे मावसभावाने सांगितले तेव्हा तो आमचाच रस्ता आहे हे कळले. फक्त तिथे आग्रा आधी आणि मुंबई नंतर. काका मुंबईत भांडुपला राहायचे. त्यांच्या घराजवळच्या रस्त्याच्या पाटीवर 'लालबहादूर शास्त्री मार्ग' असे होते, पण शेजारचे म्हातारे दुकानदार त्याला आग्रा रोडच म्हणत. नाशिकला तोच रस्ता 'मुंबई-आग्रा रोड' होता. सरकारी कागदांत मात्र यांपैकी काहीच नव्हते. तिथे होते 'रा. म. क्र. ३'.

लहानपणी ही गंमत वाटली. २००८ साली एका प्रादेशिक भूगोलकोशाच्या दळणवळण विभागाच्या नोंदी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्या गमतीची डोकेदुखी झाली. कोशात एका गोष्टीची एकच मुख्य नोंद असते आणि त्या नोंदीला एकच शीर्षक असते. या रस्त्याची नोंद मी कोणत्या नावाखाली करायची? वर्णानुक्रमात तो 'आ'मध्ये जाणार, 'म'मध्ये जाणार की 'र'मध्ये? ज्याला शोधायचे आहे तो कोणते अक्षर उघडणार?

जिल्ह्याजिल्ह्यांत तुटलेला रस्ता

सवयीने मी आधीच्या लोकांनी काय केले ते पाहायला गेलो. इंग्रज सरकारच्या मुंबई इलाख्याचे जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेले जिल्हावार गॅझेटियर हा आपल्याकडच्या स्थलविषयक संदर्भलेखनाचा पाया आहे. खानदेशचा खंड १८८० चा, ठाण्याचा १८८२ चा, नाशिकचा १८८३ चा. या तिन्ही खंडांत मुंबई-आग्रा रस्ता आहे. पण त्याची स्वतंत्र नोंद कुठेच नाही. तो आहे 'व्यापार' या प्रकरणाच्या पोटात, त्या त्या जिल्ह्यातल्या इतर रस्त्यांच्या रांगेत. ठाण्याच्या खंडात तो घाटाच्या पायथ्यापर्यंत येतो आणि थांबतो. नाशिकच्या खंडात घाटमाथ्यावर पुन्हा सुरू होतो. खानदेशच्या खंडात धुळ्याहून तापी ओलांडून सातपुड्याच्या दिशेने जातो, आणि इलाख्याची हद्द आली की पुस्तकातून नाहीसा होतो.

याचे कारण उघड होते. गॅझेटियर हे राज्यकारभारासाठी लिहिलेले पुस्तक. त्याचे एकक जिल्हा. कलेक्टरला आपल्या जिल्ह्यातले मैल, पूल आणि नाके माहीत हवेत. पलीकडचे मैल दुसऱ्या कोणाच्या तरी पुस्तकात. सातपुड्यापलीकडे तर इंग्रजांचा जिल्हाही नव्हता. तिथून पुढे हा रस्ता संस्थानांतून जात होता. होळकरांचे इंदूर, पवारांचे देवास, शिंद्यांचे ग्वाल्हेर, मग धोलपूर. त्यातही देवास म्हणजे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात. मुंबईहून आग्र्याला निघालेल्या माणसाला वाटेत इतके राजे भेटत आणि त्यांतले बरेचसे मराठी असत. रस्ता एकच, पण त्याचे वर्णन करणारी दप्तरे अर्धा डझन.

गुरुजींच्या वाक्याचा अर्थही इथेच लागला. मोगल काळात दक्षिणेतून आणि सुरतेहून आग्र्याला जाणारी मोठी वाट बऱ्हाणपूर, सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर अशी होती. तावर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात तिचेच वर्णन केले आहे. मुंबई तेव्हा व्यापाराचे केंद्रच नव्हती, त्यामुळे मुंबई-आग्रा असा रस्ता कोणाला लागण्याचे कारणही नव्हते. १८१८ साली पेशवाई संपली, नाशिक आणि खानदेश कंपनीच्या ताब्यात आले, त्याच वर्षी मंदसोरच्या तहानंतर इंदूरजवळ महूची छावणी बसली. मुंबई बंदर आणि माळव्यातली छावणी यांना जोडणारी, पलटणी आणि टपाल नेणारी पक्की सडक ही त्यानंतरची गरज. म्हणजे 'मुंबई-आग्रा रस्ता' हे नाव एका विशिष्ट राजवटीचा नकाशा सांगते. महाराजांच्या वाटेशी त्याचा संबंध जोडणारी नोंद मी लिहिली असती, तर शाळेतली चूक छापून कायम केली असती.

क्रमांक कोठून आला

मग दुसरा पर्याय उरला, तो क्रमांकाचा. त्याच्याकडे मी जरा आदरानेच वळलो, कारण क्रमांकामागे एक मोठा विचार होता आणि त्या विचारात मराठी माणसांचा आणि मराठी मुलखाचा भाग होता.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि जिल्हा बोर्डांच्या रस्त्यांची चाळण झाली. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकासाची समिती नेमली गेली. १९२८ च्या अहवालात तिने एक साधी गोष्ट मांडली : काही रस्त्यांचे महत्त्व त्या त्या जिल्ह्यापुरते किंवा प्रांतापुरते राहिलेले नाही, त्यांचा भार स्थानिक संस्थांना पेलवणारा नाही, म्हणून त्यांच्याकडे साऱ्या देशाचा प्रश्न म्हणून पाहिले पाहिजे. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९४३ साली प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. रस्त्यांचा वीस वर्षांचा आराखडा त्यांनी तिथे केला, तो 'नागपूर योजना' म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते ही उतरंड या योजनेने घालून दिली. आजही मैलाच्या दगडाचा माथा पिवळा दिसला की राष्ट्रीय आणि हिरवा दिसला की राज्य महामार्ग, असे आपण ओळखतो. त्यामागची वर्गवारी नागपूरची आहे.

राज्यघटनेने हेच सूत्र पुढे नेले. सातव्या परिशिष्टातल्या संघसूचीत तेविसाव्या क्रमांकावर राष्ट्रीय महामार्ग आहेत आणि राज्यसूचीत तेराव्या क्रमांकावर बाकीचे रस्ते. म्हणजे राज्याची सीमा ओलांडणाऱ्या रस्त्याला दोनच गती. तो राष्ट्रीय झाला तर पलीकडेही त्याचा क्रमांक तोच राहतो. राज्य महामार्गच राहिला तर सीमेवर एक नाव संपते आणि दुसरे सुरू होते. डांबर तेच, झाडे तीच, पण दगडावरचा आकडा वेगळा.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ चा. त्याच्या परिशिष्टातली यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थबकलो. तिथे प्रत्येक महामार्गाचा क्रमांक दिला होता, आणि क्रमांकापुढे त्याचे वर्णन : अमुक अमुक गावांना जोडणारा महामार्ग. तीन क्रमांकापुढे आग्रा, ग्वाल्हेर, शिवपुरी, इंदूर, धुळे, नाशिक, ठाणे, मुंबई अशी गावांची माळ होती. कायदा करणाऱ्यांनाही नुसत्या आकड्यावर भागवता आले नव्हते. रस्ता कोणता हे सांगायचे तर गावे सांगावी लागतात. आकडा हे त्या माळेला बांधलेले लेबल.

मला हे तेव्हाच उमगायला हवे होते. पण क्रमांकाची बाजू घेणारे एक चांगले कारण होते आणि ते आमच्या संपादक बाईंनी मांडले. त्या म्हणाल्या, "हे बघा, गावांची नावे घातली की भांडणे आली. पुणे-बंगळूर लिहाल तर कोणी म्हणेल बंगळूर-पुणे का नाही? मध्ये बेळगाव आहे. तिथल्या नावावरून काय काय होते ते तुम्हाला माहीत आहे. आकड्याला मातृभाषा नसते. आकडा घाला." त्यांचे म्हणणे बिनतोड होते. पुणे-बंगळूर रस्त्याला बेळगाव-हुबळीकडे 'पी. बी. रोड' म्हणतात, कोल्हापुरात नुसते 'हायवे' म्हणून भागते. सीमेवरच्या वादात न पडता कोशाला सगळ्यांच्या उपयोगी पडायचे असेल तर आकडा बरा. मी शीर्षक लिहिले : 'राष्ट्रीय महामार्ग ३'. खाली १,१६१ किलोमीटर लांबी, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश ही चार राज्ये, सगळे व्यवस्थित. अशाच आणखी आठ-दहा नोंदी लिहून मी मोकळा झालो.

आकडे उठून गेले

२०१० साली केंद्र सरकारने देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्याने लावले.

नवी पद्धत शास्त्रशुद्ध आहे. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या महामार्गांना सम आकडे, आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे, आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. तीन अंकी आकडा दिसला की तो कोणत्या तरी मुख्य महामार्गाची शाखा आहे असे समजावे. आकड्यावरून रस्ता देशात साधारण कुठे असेल हे सांगता येते. जुन्या क्रमांकांत ही सोय नव्हती.

पण याचा अर्थ असा झाला, की महाराष्ट्राच्या सवयीचे लहान आकडे देशाच्या टोकांना निघून गेले. क्रमांक ४ म्हणजे आपल्या तोंडी पुणे-बंगळूर रस्ता. तो आता अंदमानात आहे. धुळे-नागपूर-रायपूर-कोलकाता असा जाणारा ६ मेघालयातून मिझोरामकडे जातो. मुंबई-अहमदाबाद-दिल्लीचा ८ आसाम आणि त्रिपुरात गेला. मुंबई-गोव्याचा १७ उत्तर बंगालमधून गुवाहाटीला पोहोचतो. आणि माझा ३? तो आता अटारीच्या सीमेवरून जालंधर, मंडी, मनाली करत लेहला जातो.

इतर रस्त्यांची निदान एकसंध बदली झाली. पुणे-बंगळूरला ४८ मिळाला, मुंबई-गोव्याला ६६. मुंबई-आग्रा रस्त्याचे मात्र तुकडे झाले. आग्रा ते ग्वाल्हेर हा भाग श्रीनगर-कन्याकुमारीच्या ४४ मध्ये गेला. ग्वाल्हेर ते ब्यावरा ४६ झाला. ब्यावरा, देवास, इंदूर, धुळे हा भाग ५२ मध्ये गेला. तो ५२ पंजाबातल्या संगरूरहून निघतो आणि धुळे, सोलापूर, विजापूर, हुबळी करत कर्नाटकच्या किनाऱ्यावर अंकोल्याला संपतो. धुळे ते नाशिक ६० झाला आणि नाशिकहून पुण्याकडे वळला. नाशिकपासून मुंबईपर्यंतचा भाग आणखी वेगळा. मुंबईपासून आग्र्यापर्यंत जाणारा एक रस्ता सरकारी यादीत उरलाच नाही. गॅझेटियरने त्याचे जिल्ह्यांत तुकडे केले होते, नव्या यादीने आकड्यांत केले.

आमचा कोश तोवर छापायला गेलेला नव्हता, पण जुळणी झाली होती. खर्च वाढेल म्हणून नोंदी तशाच राहिल्या. पहिली प्रत हातात आली तेव्हा त्यातली माझी 'राष्ट्रीय महामार्ग ३' ही नोंद अक्षरशः खोटी होती. शीर्षक लेहच्या रस्त्याचे, मजकूर धुळ्याच्या.

दुसऱ्या एका देशातला सहासष्ट

मी एकटाच चुकलो होतो का, हे पाहण्यासाठी मी अमेरिकेतल्या रस्त्यांचा इतिहास वाचायला घेतला. तिथे राज्ये अधिक स्वायत्त, त्यामुळे हा प्रश्न अधिक टोकदार.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत लांब रस्त्यांना नावे होती. १९१३ चा 'लिंकन हायवे' न्यू यॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत. खासगी मंडळे असे मार्ग आखत आणि खांबांवर रंगीत पट्टे ओढून वाट दाखवत. नावे इतकी झाली की एकाच खांबावर अनेक पट्टे दिसू लागले. १९१८ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने आपल्या रस्त्यांना क्रमांक दिले. १९२२ मध्ये न्यू इंग्लंडमधल्या सहा राज्यांनी मिळून असे क्रमांक ठरवले, जे राज्याच्या सीमेवर बदलणार नाहीत. शेवटी ११ नोव्हेंबर १९२६ रोजी देशभराची क्रमांकयोजना मंजूर झाली. तिथे उत्तर-दक्षिण रस्त्यांना विषम आणि पूर्व-पश्चिम रस्त्यांना सम आकडे आहेत, आपल्या नेमके उलट.

आकडा तटस्थ असतो हा आमच्या बाईंचा विश्वास तिथे आधीच खोटा ठरला होता. शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या मार्गाला ६० क्रमांक ठरला. शून्याने संपणारे आकडे सर्वांत महत्त्वाच्या पूर्व-पश्चिम मार्गांसाठी होते, आणि असा एकही आकडा आपल्या राज्याला न मिळाल्यामुळे केंटकीचे गव्हर्नर विल्यम फील्ड्स संतापले. वाद वाढला. अखेर ओक्लाहोमाचे सायरस एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रिकामा असलेला एक आकडा घेऊन तडजोड केली. तो ६६. राज्याराज्यांचे मानापमान आकड्यांतही तितकेच शिरतात, हे मला त्यातून कळले. पुढे १९८५ मध्ये तो मार्ग अधिकृत यादीतून काढून टाकण्यात आला. यादीतून गेला तरी लोकांच्या तोंडून गेला नाही. आज त्या जुन्या रस्त्यावर 'ऐतिहासिक ६६' अशा पाट्या आहेत. याउलट ६६६ हा आकडा ख्रिस्ती लोकांना सैतानाचा वाटतो म्हणून त्या क्रमांकाच्या महामार्गाचा आकडा २००३ मध्ये बदलून ४९१ करावा लागला.

संदर्भग्रंथांना याचा त्रास कसा होतो, याचे एक छोटे उदाहरण देतो. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनहून मॅसॅच्युसेट्समधून न्यू हॅम्पशरमध्ये जाणारा एक मार्ग आहे. त्याचा क्रमांक तिन्ही राज्यांत १०. तो १९२२ च्या योजनेतून आला. पण आज तो तीन राज्यांचे तीन स्वतंत्र राज्यमार्ग आहे, प्रत्येकाची देखभाल वेगळी, कागद वेगळे. कोशकाराने एक नोंद करावी की तीन? एक केली तर कोणत्या राज्याच्या नावाने? विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाच्या इंग्रजी आवृत्तीत राज्यमार्गांच्या नोंदींची शीर्षके कशी असावीत यावर २००६ साली इतका वाद झाला, की शेवटी राज्यवार मतदान घेऊन नियम ठरवावे लागले. आता तिथे ६६ ची एक मुख्य नोंद आहे आणि त्याच्या प्रत्येक राज्यातल्या भागाची वेगळी नोंद. पनवेलहून कन्याकुमारीला जाणारा आपलाही ६६ आता आहेच, तेव्हा शीर्षकाला देशाचे नाव जोडणेही आले.

तीनचे कागद, बावन्नचा रस्ता

हे सगळे मी कुतूहलापोटी वाचत होतो. ते केवळ कोशकारांच्या आपसातले भांडण नाही, हे एका निवृत्त शिक्षकांमुळे कळले.

शिरपूर तालुक्यातल्या एका गावचे हे गुरुजी. ओळखीतून माझा पत्ता काढून ते घरी आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. चौपदरीकरणाच्या वेळी त्यांच्या शेताचा पट्टा गेला होता, मोबदलाही मिळाला होता. आता उरलेल्या जमिनीत जायच्या वाटेवरून प्रश्न निर्माण झाला होता. एका कार्यालयात त्यांना सांगण्यात आले, की तुमचे कागद तीन नंबरचे आहेत आणि तुमच्या शेताजवळचा रस्ता बावन्न नंबरचा आहे. हा तोच रस्ता हे दाखवा.

"भाऊ, रस्ता जागचा हललाय का?" गुरुजी मला विचारत होते. "माझं शेत तिथंच, रस्ता तिथंच. आता हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते द्या मला."

मी कपाटातून आमचा कोश काढला आणि उघडण्याआधीच पुन्हा ठेवून दिला. त्यात लिहिलेले त्यांच्या विरोधात गेले असते. भूसंपादनाच्या अधिसूचनांमध्ये रस्त्याची ओळख क्रमांक आणि किलोमीटर यांनीच दिलेली असते. ज्या वर्षी अधिसूचना निघाली त्या वर्षी तो क्रमांक बरोबर असतो. पण शेतकऱ्याचा कागद वीस-तीस वर्षे पेटीत राहतो, आणि तेवढ्यात आकडा दुसऱ्या रस्त्याकडे गेलेला असतो. हेच जुन्या वर्तमानपत्रांचे. २००५ च्या अंकात 'क्रमांक चारवर अपघात' अशी बातमी असेल, तर उद्याचा अभ्यासक तो अपघात अंदमानात शोधील. जुना आकडा आणि नवा आकडा यांना जोडणारी ओळ कुठेतरी लिहिलेली हवी. ती लिहिणे हे कोशाचे काम होते आणि ते मी केले नव्हते.

मग शीर्षक काय द्यावे?

त्या दिवसानंतर माझे मत बदलले. ते असे.

राज्याची सीमा ओलांडणाऱ्या रस्त्याच्या मुख्य नोंदीचे शीर्षक त्याच्या दोन टोकांच्या, लोकांत रूढ असलेल्या नावाने असावे. टोकेही बदलतात, हे मला मान्य आहे. बॉम्बेचे मुंबई झाले, बंगळूरचे सरकारी रूप २०१४ मध्ये बेंगळुरू झाले, बेळगावचे बेळगावी. पण गावाचे नाव बदलले तरी गाव तेच असते; बॉम्बे शोधणारा मुंबईला पोहोचतो. तीन शोधणारा लेहला जातो. नाव बदलते तेव्हा त्याच गोष्टीला दुसरे नाव मिळते, आणि आकडा बदलतो तेव्हा जुना आकडा दुसऱ्याच गोष्टीला चिकटतो. कोशाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. ग्रँड ट्रंक रोडचेच पाहा. तो आज बांगलादेश, भारत, पाकिस्तान, अफगाणिस्तान अशा चार देशांत विभागलेला आहे, भारतातच त्याचे जुने आकडे १ आणि २ होते, नवे वेगळे आहेत, पाकिस्तानातला आकडा आणखी वेगळा. तरी जी. टी. रोड म्हटले की अमृतसरचा आणि लाहोरचा माणूस एकाच रस्त्याबद्दल बोलतो.

मग कोणते टोक आधी? इथे बाईंची शंका खरी आहे. माझे उत्तर असे की मराठी कोशात मराठी वाचक ज्या क्रमाने नाव घेतो तो क्रम ठेवावा आणि उलट क्रमाला आपली वेगळी 'पहा' नोंद द्यावी. केतकरांच्या ज्ञानकोशापासून वाईच्या विश्वकोशापर्यंत मराठी कोशकारांनी 'पहा' या दोन अक्षरांचा उदार वापर केला आहे. त्यात कमीपणा नाही. इंदूरकर 'ए. बी. रोड' शोधील, भांडुपकर 'शास्त्री मार्ग' शोधील, वकील 'रा. म. ३' शोधील. प्रत्येकाला दार हवे. आतली खोली एक असली म्हणजे झाले.

आणि क्रमांक? तो नोंदीत हवाच, पण कधीही वर्षाशिवाय नाही. 'क्रमांक ३' असे न लिहिता '२०१० पूर्वी क्रमांक ३' असे लिहावे. नव्या यादीत रस्ता तुटला असेल तर कोणत्या गावापासून कोणत्या गावापर्यंत कोणता आकडा, हे गावांच्या माळेसकट द्यावे. १९५६ च्या कायद्याने तेच केले होते. राज्यवार भाग त्याखाली यावेत. स्वतंत्र नोंदी कराव्यात त्या एखाद्या भागाला स्वतःचा इतिहास असेल तरच, कसारा घाटासारख्या.

या मतावर मी एक नवी नोंद लिहून काढली. कोशाची दुसरी आवृत्ती निघाली नाही, म्हणून ती इथे देतो.

'मुंबई-आग्रा रस्ता : मुंबई, ठाणे, नाशिक, धुळे, इंदूर, देवास, शिवपुरी, ग्वाल्हेर, धोलपूर, आग्रा या गावांना जोडणारा मार्ग. एकोणिसाव्या शतकात, १८१८ नंतरच्या लष्करी व टपाली गरजेतून पक्की सडक म्हणून विकसित. बऱ्हाणपूरवरून जाणारी मोगलकालीन आग्र्याची वाट याहून वेगळी. १९५६ च्या अधिनियमानुसार राष्ट्रीय महामार्ग ३, लांबी सुमारे १,१६१ किमी. २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर : आग्रा-ग्वाल्हेर ४४, ग्वाल्हेर-ब्यावरा ४६, ब्यावरा-इंदूर-धुळे ५२, धुळे-नाशिक ६०, नाशिक-मुंबई भागाला निराळे क्रमांक. सध्याच्या राष्ट्रीय महामार्ग ३ (अटारी-लेह) शी संबंध नाही. स्थानिक नावे : आग्रा रोड (धुळे, मुंबई), ए. बी. रोड (इंदूर, ग्वाल्हेर), लालबहादूर शास्त्री मार्ग (मुंबईतील भाग).'

हिची टंकलिखित प्रत, सोबत १९५६ च्या परिशिष्टाची आणि २०१० च्या यादीची झेरॉक्स, असे सगळे मी गुरुजींना नेऊन दिले. कायद्याच्या कागदांचा त्यांना उपयोग होणार होता. माझी नोंद मी केवळ त्यांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जोडली होती. त्यांनी ओट्यावर बसून चष्मा पुसला आणि ती शेवटपर्यंत वाचली. शाळामास्तरांच्या सवयीने खिशातले पेन काढले.

"एक राहिलं," ते म्हणाले.

"काय राहिलं, गुरुजी?"

"आमच्या गावात याला आग्रा रोड कोणी म्हणत नाही. माझा बाप म्हणायचा, आजा म्हणायचा, आजही बाया म्हणतात : सडक. 'सडकेपल्याडचं शेत' असंच म्हणतो आम्ही." आणि 'स्थानिक नावे'च्या ओळीत शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने तो शब्द लिहिला. ती दुरुस्ती माझ्या प्रतीतही मी करून घेतली आहे.